वास्तव्य आणि वाङ्मय : गिरणगावातील काही माजी रहिवाशांच्या चरित्रांचा विचार

लेखकाच्या चरित्रात त्याच्या वास्तव्याचा उल्लेख येतोच. परंतु तो बहुधा जन्मतारीख, शिक्षण आणि ग्रंथसंख्या यांच्या पंक्तीतील एक तपशील म्हणून येतो. अमुक लेखक अमुक चाळीत राहत होते, पुढे अमुक उपनगरात गेले, एवढे सांगून चरित्रकार मोकळा होतो. दुसऱ्या बाजूला समीक्षक याच तपशिलावर फार मोठा भार टाकतो आणि लेखक कामगार वस्तीत राहिला म्हणून त्याने कामगारांचे साहित्य लिहिले, असे सुलभ समीकरण मांडतो. एका पद्धतीत वास्तव्याला काहीच अर्थ उरत नाही, तर दुसरीत त्याला अवाजवी अर्थ प्राप्त होतो. या दोहोंमध्ये एक प्रश्न अनुत्तरित राहतो : लेखक त्या वस्तीत कोणत्या नात्याने राहत होता? भाडेकरू म्हणून, आश्रित म्हणून, नातेवाइकाच्या घरातील जादा माणूस म्हणून, की स्वतःची ओळख लपवून? प्रस्तुत लेखात मुंबईच्या गिरणगावातील आणि त्याला लागून असलेल्या कामगार वस्तीतील काही माजी रहिवाशांच्या चरित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वास्तव्याच्या ठिकाणापेक्षा वास्तव्याचा प्रकार हा वाङ्मयाच्या अभ्यासाला अधिक उपकारक ठरतो, असे येथे सुचवावयाचे आहे.

१. वस्तीचे स्वरूप

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, प्रभादेवी आणि वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली. या सलग प्रदेशाला 'गिरणगाव' हे नाव कोणत्याही सरकारी कागदाने दिलेले नाही; ते लोकांनी दिले. त्या नावातील 'गाव' हे पद लक्षणीय आहे. कोकण आणि घाटावरून आलेला माणूस शहरात आला खरा, पण तो आपल्या गावच्या माणसांत राहिला. एका गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, तेथे पाळीपाळीने झोपणारे गिरणीकामगार, त्यांना डबा पुरविणाऱ्या खानावळवाल्या बाया, गणपती-शिमग्याला गावी जाणे, ही या वस्तीची रोजची घडण होती.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला आणि त्याने बांधलेल्या चाळी 'बीआयटी चाळी' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. तळमजल्यावर तीन मजले, लांब सामाईक मार्गिका आणि सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, असा या चाळींचा साचा होता. एका खोलीत संपूर्ण कुटुंब, आणि त्यातच गावाहून आलेला एखादा पाहुणा, अशी स्थिती असल्यामुळे लेखन-वाचनासाठी लागणारा एकांत ही येथे सहज मिळणारी वस्तू नव्हती. तो एकांत कोणी कसा मिळविला, यावरूनही येथील चरित्रांचे भेद स्पष्ट होतात.

२. दोन खोल्यांचा पत्ता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ १९०४ मध्ये कुटुंबासह मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. चरित्रकारांनी नोंदविलेली तेथील अभ्यासाची हकीगत सर्वपरिचित आहे. खोली एकच, म्हणून मुलाने सायंकाळी लवकर झोपावे, वडिलांनी जागे राहावे, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हावे, अशी व्यवस्था पिता-पुत्रांनी बसविली होती. ही हकीगत सामान्यतः चिकाटीचा दाखला म्हणून सांगितली जाते. तो अर्थ खरा असला तरी अपुरा आहे. जागेची वाटणी शक्य नव्हती म्हणून येथे काळाची वाटणी केली गेली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गिरणीत पाळ्या चालत. त्याच रीतीने घरात झोपेच्या पाळ्या चालत. सुभेदार रामजींनी वस्तीची ही रीत विद्येसाठी वापरली.

पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळच्या पोयबावडी येथील बीआयटी चाळीत आले. दुसऱ्या मजल्यावरील पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकांच्या दोन खोल्या हा सुमारे दोन दशकांहून अधिक काळ त्यांचा पत्ता होता. न्यूयॉर्क व लंडन येथील शिक्षण, सिडनॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी, वकिलीचा आरंभ, १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा हा सारा काळ याच पत्त्याशी निगडित आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक' पाक्षिकाची कचेरीही पोयबावडीतच होती. 'बहिष्कृत हितकारिणी सभे'च्या स्थापनेचा विचार करणारी ९ मार्च १९२४ ची सभा परळच्या दामोदर हॉलमध्ये भरली. घर, कचेरी आणि सभागृह ही तिन्ही स्थळे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होती.

डॉ. आंबेडकरांच्या या काळातील मराठी गद्याचा विचार करताना हे अंतर ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. 'मूकनायक' आणि पुढे ३ एप्रिल १९२७ पासून निघालेले 'बहिष्कृत भारत' यांतील अग्रलेखांत एकीकडे इतिहास, अर्थशास्त्र व धर्मशास्त्र यांचा आधार असलेली विवेचनपद्धती आढळते, तर दुसरीकडे समोर बसलेल्या श्रोत्याला उद्देशून बोलावे तशी थेट, म्हणी-दाखल्यांनी भरलेली बोली आढळते. या दोन शैलींचे एकत्र येणे केवळ वक्तृत्वगुणाने स्पष्ट होत नाही. ज्याचा वाचक सज्ज्यावरून जाता-येता दिसतो आणि ज्याला तो वाचक बहुधा निरक्षर असून अंक दुसऱ्याकडून वाचून घेणार आहे हे ठाऊक आहे, अशा संपादकाचे ते गद्य आहे. १९३४ च्या सुमारास डॉ. आंबेडकर दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या स्वतःच्या वास्तूत राहावयास गेले. ग्रंथसंग्रहाला पुरेल अशी जागा त्यांना तेथे मिळाली. परळचे वास्तव्य संपले. पण परळमधील स्थिर, नोंदलेला आणि पुढे-पुढे लोकांना पाठ झालेला पत्ता हे चळवळीचे एक साधनच बनले होते.

३. आश्रय आणि विद्यापीठ

नारायण सुर्वे यांचे वास्तव्य मूलतःच निराळ्या प्रकारचे होते. १९२६ च्या सुमारास इंडिया वूलन मिलमधील कामगार गंगाराम सुर्वे यांना एक तान्हे मूल सापडले. त्यांनी व त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी ते घरी आणून वाढविले, त्याला आपले नाव दिले आणि शाळेत घातले. काशीबाईही गिरणीत काम करीत. पुढे गंगाराम सेवानिवृत्त होऊन कोकणात परतले आणि वयाच्या दहा-बारा वर्षांचा नारायण मुंबईतच राहिला. नंतरच्या काळात घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, हमाल, गिरणीतील मजूर अशी अनेक कामे त्यांनी केली. महापालिकेच्या शाळेत ते शिपाई झाले, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्याच महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले.

सुर्वे यांना 'गिरणगावाचा कवी' म्हटले जाते, तेव्हा ते तेथे भाडेकरू वा वारसदार म्हणून वाढले नाहीत ही गोष्ट दृष्टिआड होते. त्यांना गिरणगावाने ठेवून घेतले. आडनाव, जात, गाव आणि कुळ या चार गोष्टींवर मराठी समाजात माणसाची ओळख ठरते. त्यांतील आडनाव त्यांना एका गिरणीकामगाराकडून मिळाले आणि उरलेल्या तिन्हींची जागा वस्तीने भरून काढली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे 'ऐसा गा मी ब्रह्म' हे शीर्षक या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. संतवाणीच्या वळणाची ही शब्दयोजना ज्याला कुळाचा पुरावा देता येत नाही अशा माणसाने आपल्याकडे घेतली आहे. उत्पत्ती अज्ञात असणे ही उणीव आहे असे जग मानते. परंतु 'ब्रह्म' या संकल्पनेत ते थोरपणाचेच लक्षण ठरते. ही उलट मांडणी कवीला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून सुचली असेल वा नसेल. तिचे बळ मात्र चरित्रातून आलेले आहे.

१९६६ च्या 'माझे विद्यापीठ' या दुसऱ्या संग्रहाचे नाव वाचताना गॉर्कीच्या आत्मचरित्रात्मक लेखनाचे स्मरण होते. पण सुर्वे यांच्या बाबतीत या नावाला एक स्थानिक अर्थही आहे. गिरणीचे फाटक, कामगार संघटनेची कचेरी, रात्रीच्या सभा, संप आणि मोर्चे यांतून त्यांना मिळालेले शिक्षण हे औपचारिक शिक्षणाच्या आधीचे होते. 'जाहीरनामा' (१९७५) या संग्रहापर्यंत येताना त्यांच्या कवितेत अनेक व्यक्तिरेखा आपापल्या बोलीत बोलू लागतात. आश्रित म्हणून वाढलेल्या मुलाला घराघरांतील बोलणे कान देऊन ऐकावे लागते, कारण त्याचे राहणे त्या बोलण्यावर अवलंबून असते. सुर्वे यांच्या संवादप्रधान कवितेचे एक मूळ या ऐकण्यात असावे, असे मानण्यास जागा आहे.

या चरित्राचा आणखी एक साक्षीदार आहे. सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांचे 'मास्तरांची सावली' हे आत्मकथन वाचले म्हणजे कवीचे वास्तव्य कोणाच्या श्रमावर उभे होते ते कळते. बिऱ्हाड मांडणे, मोडणे, पुन्हा मांडणे, घरात येणारे कार्यकर्ते व साहित्यिक यांचा पाहुणचार करणे ही कामे चरित्रकोशातील नोंदीत कधीच येत नाहीत. काशीबाईंनी मूल घरात घेतले आणि कृष्णाबाईंनी घर टिकविले. या दोन स्त्रियांवाचून 'गिरणगावाचा कवी' ही संज्ञा निराधार राहिली असती.

४. शहरात राहून गाव लिहिणे

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. बालपणीच कुटुंबासह ते पायी मुंबईस आले. भायखळ्याची चांदबिबी चाळ, मोरबाग मिलमधील नोकरी, पुन्हा गाव, पुन्हा मुंबई, धारावीलगतचा माटुंगा लेबर कॅम्प आणि अखेरीस घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी, असा त्यांच्या वास्तव्याचा क्रम सांगता येतो. आयुष्याच्या अगदी अखेरीस ते गोरेगावला राहत होते व तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची लाभली. अक्षरओळख पुढे दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके यांवरून वाढली. म्हणजे गिरणगावाचा रस्ता हेच त्यांचे पहिले पाठ्यपुस्तक होते.

लेबर कॅम्प हा भूगोलाच्या काटेकोर दृष्टीने गिरणगावाच्या उत्तरेला पडतो. तथापि तेथील माणसे, त्यांच्या संघटना आणि त्यांचे कलाव्यवहार गिरणगावाशी इतके जोडलेले होते की त्यांना वेगळे काढणे कृत्रिम ठरेल. येथील कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात अण्णा भाऊंची शाहिरी घडली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. कलापथकाचा फड कामगार मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या फाटकाबाहेर लागे. वस्तीत एकांत नव्हता. परंतु प्रेक्षक होता. लोकनाट्य, पोवाडा, लावणी या समूहापुढे सादर करावयाच्या प्रकारांना अशी वस्ती पोषक ठरली, हे स्वाभाविकच होते.

या चरित्रातील खरा पेच मात्र निराळा आहे. 'मुंबईची लावणी' आणि काही कथा वगळल्यास अण्णा भाऊंच्या गद्याचा मोठा भाग मुंबईविषयी नाही. त्यांची सर्वाधिक ख्यातनाम कादंबरी 'फकिरा' (१९५९) वारणेच्या खोऱ्यात घडते. १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी लिहिणारा लेखक त्या काळी मुंबईच्या झोपडपट्टीत राहत होता. वास्तव्य म्हणजेच वाङ्मयाचा विषय, हे समीकरण येथे पूर्णतः निष्फळ ठरते. पण म्हणून वास्तव्य निरर्थक ठरते काय? तसेही नाही. गिरणगावातील कामगार हा मनाने दोन ठिकाणी राहत असे. बायको-मुले गावी, मजुरी मुंबईत. पैसा मनिऑर्डरने जाई आणि बातमी पत्राने येई. 'माझी मैना' या छक्कडीत हीच विभागणी विरहाच्या रूपाने प्रकट झाली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिला राजकीय अर्थ प्राप्त झाला. 'फकिरा'तील वारणाकाठ हा गावात राहणाऱ्याने पाहिलेला नसून गाव सोडावा लागलेल्याने आठवलेला आहे. त्यातील भव्यता, वेग आणि पराक्रमाची असोशी यांचा संबंध या अंतराशी लावल्यास कादंबरीच्या अद्भुतरम्य म्हणून नोंदविल्या गेलेल्या गुणदोषांकडे नव्याने पाहता येईल.

५. खोली मिळण्याचा प्रश्न

बाबूराव बागूल यांचा जन्म १९३० मध्ये नाशिकजवळील विहितगाव येथे झाला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईत आपल्या मावशीकडे माटुंगा लेबर कॅम्पमध्ये आले. म्हणजे त्यांचे वास्तव्य नात्याच्या आधाराने झालेले, आणि तेही एका दलित व कामगार वस्तीत. अण्णा भाऊंच्या शाहिरीचे आणि आंबेडकरी चळवळीचे वारे या एकाच वस्तीतून वाहत होते. मार्क्स आणि आंबेडकर यांना एकमेकांचे विरोधक न मानण्याची बागूल यांची भूमिका पुढे वैचारिक लेखनातून मांडली गेली. पण तिचा पहिला अनुभव लेबर कॅम्पच्या गल्लीत घेतलेला होता.

लेबर कॅम्पमध्ये जात लपविण्याचे कारण नव्हते. तेथे सर्वांना सर्वांची जात ठाऊक होती. रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतेस गेल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला तो खोलीचा. जात सांगितली तर भाड्याने जागा मिळेना. या अनुभवाचे रूपांतर 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत झाले. याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेला त्याने नवे वळण दिले. या कथेची चर्चा प्रायः जातीय अत्याचार आणि विद्रोह या अंगांनी होते. ती योग्यच आहे. तथापि कथेचा सांगाडा एका अगदी व्यावहारिक गरजेवर उभा आहे, हे लक्षात घ्यावयास हवे : नोकरी मिळाली आहे, पण राहावे कोठे? 'चोरली' या क्रियापदातील उपरोधही येथूनच धारदार होतो. छप्पर मिळविण्यासाठी माणसाला स्वतःचीच ओळख चोरावी लागते, आणि चोरी उघडकीस येताच छप्पर व सुरक्षितता दोन्ही जातात. 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधील मुंबईच्या कथांतही झोपडी, फुटपाथ, खोली या केवळ पार्श्वभूमी नाहीत. त्या पात्रांच्या जगण्या-मरण्याचा निर्णय करणाऱ्या गोष्टी आहेत. वस्तीत मोकळेपणाने राहिलेला आणि वस्तीबाहेर लपून राहावे लागलेला, असा दुहेरी अनुभव ज्याच्यापाशी आहे, त्यालाच हे दिसू शकले.

६. कारण संपल्यावरचे वास्तव्य

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विरत गेला आणि पाठोपाठ गिरण्या बंद पडत गेल्या. ज्या कारणासाठी ही वस्ती उभी राहिली ते कारणच नाहीसे झाले, माणसे मात्र खोल्यांत राहिली. या अवस्थेचे नाटक जयंत पवार यांनी लिहिले. 'अधांतर' (१९९७) मधील कुटुंब ज्या खोलीत राहते तिचा गिरणीशी असलेला संबंध तुटला आहे. त्यामुळे आई, मुलगी आणि मुलगे एकाच छताखाली निरनिराळ्या दिशांनी ओढले जातात. शीर्षकातील अधांतरीपणा हा वास्तव्याचाच एक नवा प्रकार होय. पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शीर्षकातील फिनिक्स हा दंतकथेतील पक्षी आहे आणि लोअर परळमधील गिरणीचे ते नावही आहे. त्या गिरणीच्या जागी आज व्यापारी संकुल उभे आहे. सुर्वे यांच्या कवितेत वस्तीने माणसाला सामावून घेतले होते. पवार यांच्या लेखनात वस्तीला आपल्याच माणसांना सामावून घेता येत नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी पवार यांचे निधन झाले.

७. निष्कर्ष

वरील चरित्रांवरून वास्तव्याचे निदान पाच प्रकार वेगळे काढता येतात : नोंदलेला, चळवळीचे केंद्र बनलेला पत्ता, आश्रयातून मिळालेले घर, दोन ठिकाणी विभागलेले मन, ओळख लपवून मिळविलेली खोली, आणि मूळ कारण संपल्यावर उरलेले राहणे. पाचही जणांना 'गिरणगावातील मान्यवर' या एका मथळ्याखाली ठेवले की हे भेद पुसले जातात, आणि त्यांच्या वाङ्मयातील भेदांचे स्पष्टीकरण करण्याचे एक साधन आपण गमावून बसतो. वास्तव्य हे वाङ्मयाचे कारण नव्हे. परंतु लेखकाला ऐकावयास काय मिळाले, लपवावे काय लागले आणि आठवावे काय लागले, हे ठरविण्यात त्याचा वाटा असतो.

या अभ्यासाला आता काळाचीही मर्यादा पडली आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू असून वरळीतील रहिवाशांच्या पहिल्या तुकडीला २०२५ मध्ये नव्या इमारतींत घरे मिळाली. शंभर वर्षे पूर्ण केलेले परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले. जुन्या खोल्यांतून रहिवासी प्रशस्त घरांत जात असतील तर त्याचा खेद करण्याचे कारण नाही. चाळीच्या गैरसोयींचे गोडवे सहसा चाळीबाहेरचा माणूस गातो. मात्र स्थलांतराच्या वेळी भाडेपावत्या, शिधापत्रिका, मंडळांच्या वह्या, कलापथकांचे कार्यक्रमपत्रक, हस्तलिखित पोवाडे ही सामग्री अडगळ म्हणून टाकली जाते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासाने कामगारांच्या साक्षी जतन करण्याचा मार्ग दाखविला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याच वाटेने जाऊन लेखकांचे शेजारी, खानावळवाल्या, कलापथकातील साथीदार आणि घरातील स्त्रिया यांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांसाठी हे क्षेत्र अजून पुष्कळसे मोकळे आहे. चौकाला लेखकाचे नाव देता येते आणि भिंतीवर शिळा बसविता येते; परंतु तो तेथे कोणाच्या घरी, कोणत्या नात्याने आणि कोणत्या अटींवर राहत होता हे शिळेवर लिहिलेले नसते. ते शोधणे हे संशोधनाचे काम आहे.